रूम पार्टनर (पुणे)

शिक्षण, नोकरी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेले आणि भाड्याच्या घरात एकत्र राहणारे तरुण एकमेकांचे 'रूम पार्टनर' असतात. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत एमपीएससीची तयारी करणारी मुले 'कॉट बेसिस'वर राहतात; भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे. वाकड, हिंजवडी, खराडीकडे आयटीतले तरुण मिळून फ्लॅट घेतात. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो.

घर टिकते ते मात्र 'रिप्लेसमेंट'वर. मध्येच जाणाऱ्याने आपल्या जागी दुसरा आणून द्यायचा. नवा माणूस डिपॉझिटचा वाटा अनेकदा मालकाला नाही, जाणाऱ्याच्या हातात देतो. माणसे बदलत राहतात, मूळ रक्कम मालकाकडे तशीच असते. शेवटी घर सोडणाऱ्यांच्या डिपॉझिटमधून रंगकाम, तडकलेले बेसिन, तुटलेली कडी असे सगळे कापले जाते. ज्यांना कधी पाहिलेही नाही अशांनी केलेली मोडतोड शेवटच्यांनी भरायची, हा सरळ अन्याय आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी घर नीट पाहून जाणाऱ्याकडूनच नुकसान वळते केले तर तो टळतो. पण ओळखीत असे बोलायला मुले कचरतात.

खिडकीजवळची कॉट आणि मोठे कपाट जुन्या पार्टनरचे, हे न सांगता ठरलेले असते.

खर्च टीटीएमएम, म्हणजे 'तुझे तू, माझे मी'. लाइट बिल, वायफाय, मावशींचा पगार यांचे समान वाटे पडतात आणि पैसे लगेच फोनवरून पाठवले जातात. त्यामुळे खटके उडतात ते पैशांपेक्षा कामावरून : रात्रभर सिंकमध्ये पडलेला खरकटा कुकर, कोणीच खाली न नेलेला कचरा. सिलिंडर लावणे, मालकाशी बोलणे, मावशी आल्या नाहीत तर फोन करणे हे सगळे बहुधा एकाच्याच गळ्यात पडते. हे श्रम हिशेबात धरले जात नाहीत. ते धरायलाच हवेत.

गावाहून एसटीने आलेल्या डब्याला मात्र टीटीएमएम लागू नाही. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांची. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, तेव्हा खिचडीही एकत्रच शिजते. सोसायटीने पाहुण्यांवरून किंवा रात्री उशिरा येण्यावरून तक्रार केली, की आठवडाभर अबोला धरलेले पार्टनरही सेक्रेटरींसमोर एका सुरात बोलतात.