फीड वेगळी, होस्टिंग वेगळं: स्वतःचा व्हिडिओ पॉडकास्ट काढायचा तर आधी हा गुंता सोडवा

पुण्यात सध्या व्हिडिओ पॉडकास्ट काढायचाय म्हणणारे बरेच लोक भेटतात, कोणाला किल्ल्यांवर बोलायचंय, कोणाला प्रायोगिक नाटकावर, कोणाला पेठेतल्या जुन्या वाड्यांवर, आणि कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दोन माइक, एक कॅमेरा आणि मागे पुस्तकांचं कपाट एवढ्यावर रेकॉर्डिंग होतंही चांगलं. गाडी अडते ती त्यानंतर. कोणी विचारतं "होस्टिंग घेतलंय, म्हणजे आता पॉडकास्ट झाला ना?" आणि कोणी विचारतं "फीड तयार आहे, आता त्यात व्हिडिओ कुठून चढवू?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, फीड आणि होस्टिंग ही एकच गोष्ट आहे असं धरून चाललेलं असतं. पैसे भरून पॉडकास्ट कंपनीकडे गेलं की ती कंपनी दोन्ही एकाच डॅशबोर्डवर देते, त्यामुळे फरक दिसतच नाही. फीड स्वतः बनवायची म्हटलं की मात्र फरक कळल्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही.

तर फीड म्हणजे नुसती एक टेक्स्ट फाइल. एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग नावाच्या खुणा लावून लिहिलेली, नोटपॅडमध्येही उघडेल अशी. तिच्यात व्हिडिओ नसतो, व्हिडिओचा पत्ता असतो. होस्टिंग म्हणजे ज्या सर्व्हरवर ती जडच्या जड व्हिडिओ फाइल ठेवलीय आणि जो मागेल त्याला चोवीस तास पाठवली जातेय ती जागा. लग्नाची पत्रिका आणि मंगल कार्यालय यांत जो फरक तोच इथे, पत्रिकेवर तारीख आणि पत्ता असतो पण जेवण कार्यालयातच मिळतं. आणि अ‍ॅपल पॉडकास्ट्ससारखं अ‍ॅप हे तिसरंच काहीतरी, ते तुमची फीड वाचतं आणि प्रेक्षकाच्या फोनला तुमच्या सर्व्हरकडे पाठवतं, व्हिडिओ स्वतःकडे ठेवत नाही.

हे काही नवीन नाहीये बरं का. फीडमध्ये मीडिया फाइलचा पत्ता द्यायची सोय अमेरिकन प्रोग्रॅमर डेव्ह वाइनर यांनी आरएसएसच्या (फीड लिहायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) ०.९२ आवृत्तीत २००० सालीच आणली, त्या टॅगचं नाव एन्क्लोजर. २००५ च्या जूनमध्ये आयट्यून्सच्या ४.९ आवृत्तीत पॉडकास्ट आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ चालणारा आयपॉड आला, तेव्हापासून व्हिडिओ पॉडकास्ट असाच चालतोय. यूट्यूबमुळे आपण ते विसरलो एवढंच.

आता फीडमध्ये नेमकं काय लिहायचं ते बघू, कारण खरी मेख तिथे आहे. वरती शोचं नाव, वर्णन, भाषा, कव्हरचा पत्ता, वर्गवारी. कव्हर चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल, जेपेग किंवा पीएनजी, विषय संपला. खाली प्रत्येक भागाचा एक आयटम, आणि त्या आयटममध्ये एन्क्लोजर. एन्क्लोजरला तीन गोष्टी लागतात: फाइलचा थेट पत्ता, लेंग्थ आणि टाइप. लेंग्थ म्हणजे मिनिटं नव्हेत, फाइल किती बाइटची आहे तो आकडा. भाग किती वेळाचा हे सांगायला ड्युरेशनचा वेगळा टॅग आहे, तो सेकंदात लिहिला तरी चालतो. टाइप म्हणजे एमपी४ व्हिडिओ आहे की एमपी३ ऑडिओ. टाइप चुकीचा लिहिला तर फाइल कितीही उत्तम असली तरी अ‍ॅप तिला ऑडिओ समजून बसू शकतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट जीयूआयडी, म्हणजे त्या भागाची कायमची ओळख. माझ्या मते सगळ्या फीडमध्ये सर्वात जपायची गोष्ट हीच. अ‍ॅप एखादा भाग जुना की नवा हे जीयूआयडी बघून ठरवतं. तुम्ही उद्या होस्टिंग बदललं, व्हिडिओचा पत्ता बदलला, शीर्षकातलं शुद्धलेखन सुधारलं, तरी जीयूआयडी तोच असेल तर अ‍ॅपच्या दृष्टीने तो तोच भाग असतो. तो बदलला की मात्र सगळे जुने भाग लोकांच्या फोनवर नवीन म्हणून परत येऊन पडतात. म्हणून व्हिडिओचा पत्ताच जीयूआयडी म्हणून वापरू नका, एखादी साधी खूण ठरवा आणि ती कायमची ठेवा.

मराठीत फीड बनवताना एक जास्तीची काळजी. शीर्षक, वर्णन बिनधास्त देवनागरीत लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक ठरलेली पद्धत) सेव्ह करा, काही अडचण येत नाही. पण तारीख, वार, महिना, बाइटचे आकडे हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच हवं, कारण ते माणसासाठी नाही, अ‍ॅपसाठी आहे. तारखेच्या शेवटी आपल्या वेळेचे अधिक साडेपाच तास दाखवणारा +0530 हा आकडा टाका, नाहीतर सकाळी सातला टाकलेला भाग भलत्याच वेळेचा दिसेल. व्हिडिओ फाइलचं नावसुद्धा रोमन अक्षरांत आणि मधे स्पेस न सोडता द्या. आणि अँडचं चिन्ह वर्णनात जसंच्या तसं टाकलं तर एक्सएमएल तिथेच मोडतं, आणि एक भाग नाही तर अख्खी फीडच बंद पडते, त्यामुळे दरवेळी अपलोड करण्याआधी व्हॅलिडेटरमधून, म्हणजे फीडमधल्या चुका दाखवणाऱ्या साइटमधून, काढायची सवय लावा, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा फीड व्हॅलिडेटर फुकट आहे.

आता होस्टिंगची बाजू, आणि इथे सगळं वजनाचं गणित आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, तरीही शंभर भागांची फीड काहीशे केबीच्या पुढे सहसा जात नाही. आणि व्हिडिओ? आवाज धरून २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) काढलेला ४५ मिनिटांचा एक भाग म्हणजे साधारण ६७५ एमबी. तो ४०० जणांनी पूर्ण बघितला की सर्व्हरवरून २७० जीबी बाहेर गेले. तेच ऑडिओ असता, १२८ केबीपीएसने, तर एक भाग ४३ एमबीचा आणि ४०० जणांचे मिळून १७ जीबी. त्यामुळे होस्टिंग निवडताना किती जागा मिळते याच्याआधी किती डेटा बाहेर जाऊ देतात आणि त्याचे पैसे कसे लावतात हे विचारा. क्लाउडफ्लेअरच्या आरटू स्टोरेजला डेटा बाहेर जाण्याचे पैसे नाहीत, महिन्याला पहिले १० जीबी साठवणही फुकट, सुरुवातीला मला ते बरं वाटतं. अ‍ॅमेझॉनच्या एसथ्रीसारख्या ठिकाणी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचा हिशोब होतो, म्हणजे भाग गाजला की बिल वाढलं. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ठेवता येतं, पण तिथलं सगळं सार्वजनिक असतं आणि वेग कमीजास्त होतो.

आणि फक्त जागा आणि डेटा असून भागत नाही. सर्व्हरला फाइलचा मधलाच तुकडा मागितला तर तेवढाच देता आला पाहिजे, याला बाइट रेंज म्हणतात, आणि अ‍ॅपलची ती अटच आहे. प्रेक्षक ३० व्या मिनिटावर उडी मारतो तेव्हा अ‍ॅप नेमकं हेच करतं. शिवाय एमपी४ एक्सपोर्ट करताना फास्टस्टार्ट चालू ठेवा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते आणि व्हिडिओ लगेच चालू होतो. चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी या फॉरमॅटमध्ये ठेवला की जवळपास सगळीकडे चालतं.

गूगल ड्राइव्हची शेअर लिंक एन्क्लोजरमध्ये का चालत नाही, हा प्रश्न हमखास येतो. कारण ती लिंक फाइलची नसते, फाइल दाखवणाऱ्या पानाची असते. यूट्यूबच्या लिंकचंही तेच. अ‍ॅपला पान नको असतं, थेट फाइल हवी असते. उलट गिटहब पेजेस या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर फीड मजेत राहते पण व्हिडिओ राहत नाही, १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही. यातूनच कळतं की दोन्ही एका जागी असायची काहीच गरज नाही, फीड एकीकडे, व्हिडिओ दुसरीकडे, हे अगदी रीतसर आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ द्यायचा विचार काही जण करतात, फायबर आहे ना म्हणून, पण घरच्या कनेक्शनला बहुतेक वेळा स्वतःचा कायमचा आयपी पत्ता नसतो, आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पॉडकास्टही गेला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, होस्टिंग भाड्याचं चालेल पण फीडचा पत्ता स्वतःच्या डोमेनवरच, म्हणजे स्वतःच्या नावावर घेतलेल्या वेब पत्त्यावरच हवा. लोक सबस्क्राइब करतात ते त्या पत्त्याला. फीड दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर असेल आणि तुम्हाला तिथून निघायचं असेल तर त्या कंपनीने ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवायची सोय) लावून दिला तरच जुने प्रेक्षक तुमच्याबरोबर येतात, म्हणजे किल्ली त्यांच्या हातात. डोमेन तुमचं असेल तर व्हिडिओ हवे तिथे हलवा, फीडमधले एन्क्लोजरचे पत्ते बदला, जीयूआयडीला हात लावू नका, बघणाऱ्याला कळतही नाही. वर्षाचे डोमेनचे पैसे भरायला कुरकुर करणारे लोक बघितलेत मी, पण एवढी मेहनत करून बनवलेल्या कार्यक्रमाची ओळख दुसऱ्याच्या नावावर ठेवणं मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. स्वतःच्या फीडमधला व्हिडिओ अ‍ॅपल पॉडकास्ट्स, पॉकेट कास्ट्स, अँटेनापॉड वगैरे दाखवतात. यूट्यूबला आरएसएस फीड देता येते पण ते त्यातला ऑडिओ घेऊन कव्हरच्या स्थिर चित्रावर लावतं, त्यामुळे यूट्यूबवर व्हिडिओ हवा असेल तर तो तिथे वेगळा चढवायचा. ऑडिओवाले प्रेक्षकही हवे असतील तर दोन फीड काढा, एक व्हिडिओची आणि एक ऑडिओची, बसमध्ये मोबाइल डेटावर ऐकणाऱ्या माणसाला ६७५ एमबी उतरवायला लावू नका.

अ‍ॅपलकडे फीडचा पत्ता नोंदवण्याआधी ती फीड अँटेनापॉडमध्ये नुसता पत्ता टाकून सबस्क्राइब करून बघा, वायफाय बंद करून. भाग दिसला म्हणजे फीड नीट आहे. मग प्ले करा आणि एकदम मधे उडी मारा, तिथून लगेच चालू झाला तर होस्टिंगही नीट आहे, आणि नुसतं चक्र फिरत राहिलं तर फीडमध्ये चुका शोधत बसू नका, सर्व्हरची बाइट रेंज तपासा.