सरासरी कळली, पण पसारा किती?

पाच जणांनी स्मरणशक्तीची एक चाचणी दिली. गुण पडले ४८, ४९, ५०, ५१ आणि ५२. दुसऱ्या पाच जणांना त्याच चाचणीत पडले २०, ३५, ५०, ६५ आणि ८०. दोन्ही गटांची सरासरी ५०. अहवालात नुसती सरासरी छापली, तर हे दोन गट जुळे वाटतील. पहिल्या गटातल्या कुणालाही समोर आणा, ५० हा आकडा त्याला शोभतो. दुसऱ्या गटात मात्र एक जण सोडला तर तो कुणाच्याच मापाचा नाही.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांख्यिकीतली एकच गोष्ट पक्की करायची ठरवली, तर ती हा पसारा असावी, असं माझं मत आहे. पुढची बरीचशी सूत्रं त्यावरच उभी आहेत.

तो मोजायचा कसा? प्रत्येक गुण सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं. पहिल्या गटात ही अंतरं -२, -१, ०, १, २. त्यांची बेरीज करायला गेलात तर शून्य येतं, आणि ते दर वेळी येणारच. म्हणून आधी वर्ग करायचे: ४, १, ०, १, ४. बेरीज १०, पाचाने भागलं की २, आणि त्याचं वर्गमूळ साधारण १.४. हे झालं प्रमाण विचलन, ज्याला वर्गात सगळे एसडीच म्हणतात. दुसऱ्या गटाचं एसडी २१.२ येतं. (सॉफ्टवेअर १.६ आणि २३.७ दाखवेल, तेव्हा गोंधळू नका. ते पाचाऐवजी चाराने भागतं. सरासरी त्याच पाच जणांवरून काढलेली असल्यामुळे ती त्यांच्या जरा जास्तच जवळ बसते आणि पसारा असतो त्याहून कमी दिसतो. ती तूट अशी भरून काढतात.)

एसडी हाताशी असलं की गुणांचा अर्थ लागतो. सरासरी ६० असताना ७० गुण म्हणजे मोठी मजल का? एसडी ५ असेल तर हो, तो विद्यार्थी दोन एसडी वर आहे. एसडी २० असेल तर जेमतेम अर्धं. बुद्ध्यंकाच्या प्रचलित चाचण्यांत सरासरी १०० आणि एसडी १५ येईल अशीच मोजपट्टी आखलेली असते. हे गुण मधे दाट आणि दोन्ही कडांना विरळ, म्हणजे घंटेच्या आकारात पसरतात. त्यामुळे ८५ ते ११५ च्या दरम्यान सुमारे ६८ टक्के लोक येतात आणि ७० ते १३० मध्ये सुमारे ९५ टक्के.

सगळंच काही असं घंटेच्या आकारात बसत नाही. प्रतिक्रियेला लागणारा वेळ घ्या: ३००, ३१०, ३२०, ३३० आणि एकदा लक्ष उडालं म्हणून १२४० मिलिसेकंद. सरासरी ५००, पण त्या आकड्याच्या आसपास एकही नोंद नाही. अशा वेळी मध्यांक, म्हणजे मधली नोंद ३२०, जास्त खरं बोलते.

आता पी व्हॅल्यू, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासताना निघणारा आकडा. ०.०३ आलं म्हणजे आपला अंदाज ९७ टक्के खरा ठरला, असं अनेक जण बिनदिक्कत लिहितात. तसं नसतं. मुळात फरक नसताच, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात तीनदा दिसला असता, इतकंच ते सांगतं. पी ०.०५ च्या खाली आलं की निष्कर्षाला ‘सार्थक’ म्हणतात. ही ०.०५ ची रेषा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झाली, आणि तीही सोयीची म्हणून. कुठलाच परिणाम नसताना एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तरी निदान एक तरी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निष्कर्ष आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते; पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले.

शिवाय पी व्हॅल्यू नमुन्याच्या आकारावर नाचते. समजा दोन गटांच्या बुद्ध्यंकात तीन गुणांचा फरक आहे. प्रत्येक गटात २५ जण असतील तर पी ०.४८ च्या आसपास येतं, आणि अभ्यास बासनात जातो. प्रत्येकी हजार जण घ्या, फरक तोच तीन गुणांचा, पण पी ०.०००१ च्याही खाली. मग मथळा तयार: एक गट दुसऱ्यापेक्षा हुशार!

इथे पुन्हा पसाऱ्याकडे वळायचं. तीनाला एसडीने, म्हणजे १५ ने भागा, ०.२ येतं. यालाच परिणामाचा आकार म्हणतात, आणि मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या ढोबळ मोजपट्टीवर ०.२ म्हणजे लहान. या ‘हुशार’ गटातून एक जण आणि दुसऱ्यातून एक जण डोळे मिटून उचलला, तर पहिल्याचा बुद्ध्यंक जास्त निघेल शंभरात साधारण ५६ वेळा. उरलेल्या ४४ वेळा दुसऱ्याचा.