दाढेतली कीड आणि एक्स-रेतला काळा डाग

तासगावचा बेदाणा असो की साताऱ्याचा कंदी पेढा, दोन्ही दोन दाढांच्या फटीत घट्ट बसतात. तिथेच लागलेली कीड आरशाने सहसा दिसत नाही. वरून दाढ धडधाकट वाटते. अशा वेळी बाइटविंग एक्स-रे काढतात, म्हणजे फिल्मची पट्टी दातांत चावून धरायची आणि वरच्या-खालच्या दाढांचा हिरडीबाहेरचा भाग एकत्र टिपायचा.

एक्स-रेत इनॅमल (दाताचं कठीण कवच) पांढरंशुभ्र, डेंटिन (त्याखालचा थर) करडं, आतली नस काळसर दिसते. किडीने क्षार गेले की तिथून किरण आरपार जातात आणि काळा डाग उमटतो. मात्र साधारण 30 ते 40 टक्के क्षार गेल्याशिवाय तो उमटतच नाही. म्हणून खरी कीड चित्रातल्यापेक्षा बहुतेकदा खोल निघते.

सगळी गंमत कोनात आहे. एक्स-रेची नळी 5 ते 10 अंश खाली झुकवतात, पण आडवा कोन नेमका फटीतून जायला हवा. तो चुकला की शेजारच्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि जिथे कीड सुरू होते तेवढाच भाग झाकला जातो. मग परत काढा! (एका फिल्मचे किरण एका दिवसात निसर्गातून मिळतात तेवढेच, किंबहुना कमी.)

दुसरा चकवा दाताच्या मानेशी. तिथे दात निमुळता असल्याने निरोगी दातातही काळी सावली पडते. फटीतली कीड दाढा टेकतात त्याच्या जरा खाली असते, ही सावली हिरडीजवळ. कोन बदलला की ती विरते. तेवढं न पाहता ड्रिल लावलं, तर चांगला दात कोरला जातो.

डाग इनॅमलपुरताच असेल आणि पृष्ठभाग शाबूत असेल, तर ड्रिल नको. दातावर फ्लोराइड वार्निशचा लेप, रोज फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा) आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. डाग डेंटिनमध्ये खोल गेला असेल, तर खड्ड्यापेक्षा उरलेला दात मोजायचा. नसेवर 2 मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर नस बरीच सुरक्षित. खड्ड्याची खालची कड जबड्याच्या हाडापासून 3 मिलिमीटरच्या आत आली, तर फिलिंगभोवतीची हिरडी सुजत राहते. कॅप टिकायला सभोवती दीड-दोन मिलिमीटर निरोगी दाताची भिंत लागते.

गालाकडचा खड्डा मात्र सपाट चित्रात नसेवर चढलेला दिसतो आणि नस गेली असं वाटतं. रूट कॅनॉल ठरवण्याआधी कोन बदलून दुसरी फिल्म काढावी, तीही मुळाच्या टोकापर्यंतची. बाइटविंगमध्ये टोक येतच नाही.