तीन मिनिटांचं अंतर, दोन मिनिटांचा प्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी हा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवर एकेक चिमुकला विमानतळ आहे. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून या दोघांमध्ये प्रवासी विमान चालवते. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण ते हेच. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात. विक्रम आहे ५३ सेकंदांचा.

अंतर नकाशावरून आपणच काढू. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ५९ अंश २१ मिनिटं उत्तर. रेखांश एकाचा २ अंश ५७ मिनिटं पश्चिम, दुसऱ्याचा २ अंश ५४ मिनिटं. फरक तीन मिनिटांचा. (ही मिनिटं घड्याळातली नव्हेत, अंशाचा साठावा भाग.) एक अंश म्हणजे १११ किलोमीटर हे शाळेत घोकलेलं असतं. त्या हिशेबाने साडेपाच किलोमीटर व्हायला हवेत. प्रत्यक्षात भरतात पावणेतीनच. मग निम्मं अंतर गेलं कुठे?

संत्र्याची फोड आठवा. मध्ये जाड, टोकांना निमुळती. रेखावृत्तंही ध्रुवांकडे जाताना अशीच एकमेकांजवळ येतात. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर काढताना त्या १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. ऑर्कनीपाशी तो ०.५१ आहे, त्यामुळे एक अंश जेमतेम ५७ किलोमीटरचा उरतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर तो ०.९६ च्या आसपास आहे, तिथे हीच तीन मिनिटं ५.३ किलोमीटर होतात.

आता वेळ. पावणेतीन किलोमीटर दोन मिनिटांत, म्हणजे ताशी ऐंशीच्या आसपास. मोकळ्या हायवेवर एवढी तर गाडीही पळते! विक्रमाच्या दिवशीसुद्धा सरासरी १८५ च्या घरातच होती. या मार्गावरचं आयलँडर हे आठ प्रवाशांचं, दोन पंख्यांचं विमान एरवी ताशी २४० ने सहज जातं. पण तो वेग सरळ, एका उंचीवर उडतानाचा. चढताना तो साधारण निम्म्यावर असतो, उतरतानाही बराच कमी. आणि इथे चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं.

त्यात वारा. पंखांवरून हवा जितक्या वेगाने वाहील तितकी उचल जास्त, म्हणून विमान उडतं ते वाऱ्याला छाती देऊन. उतरतंही तसंच. ऑर्कनीत वारे बहुधा पश्चिमेकडचे, आणि जायचंय पूर्वेला. म्हणजे आधी उलट्या दिशेने उडायचं, वळायचं, पलीकडे पोचून पुन्हा वाऱ्याकडे तोंड करायचं. नकाशावरची सरळ रेघ वैमानिकाच्या वाट्याला क्वचितच येते. मुंबई-दिल्ली प्रवासातही ही वळणं असतातच, पण साडेअकराशे किलोमीटरांत ती कुणाच्या लक्षात येत नाहीत. मुंबईची मुख्य धावपट्टीच जवळजवळ साडेतीन किलोमीटरची, हे अख्खं उड्डाण तिच्यावर मावून वर जागा उरेल.

एवढ्याशा अंतराला विमान कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मला तर हा खटाटोप गंमतीचाच वाटला होता. पण मध्ये समुद्र आहे, पूल नाही, आणि पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. विमान मुळात निघतं किर्कवॉल या मुख्य गावातून. शिक्षक, रुग्ण, टपाल घेऊन. वाटेत एका बेटावर टेकून दुसऱ्यावर जायचं, एवढाच तो दोन मिनिटांचा टप्पा. काही फेऱ्यांत तो गाळून विमान थेटही जातं.