मॅमोग्राफीत दाब दिल्याने कर्करोग पसरतो का?

‘मॅमोग्राफीत (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत) स्तन दाबला जातो, त्यामुळे गाठ फुटते आणि कर्करोग अंगभर पसरतो’ हा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. तपासणीनंतर निदान झाल्याचे पाहिले की ही भीती स्वाभाविक वाटते. परंतु क्रम उलटा असतो. प्रतिमेत दिसणारी गाठ त्या काही सेकंदांत निर्माण झालेली नसते, ती आधीपासून वाढत असते. पेशी रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत (ऊतींमधील द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत) शिरून अन्यत्र रुजणे ही त्या पेशींच्या गुणधर्मांवर अवलंबून असलेली जैविक प्रक्रिया आहे; तपासणीतील दाबामुळे ती घडते, असा पुरावा नाही.

दाब द्यावा लागतो, कारण ऊती पसरल्याने एकमेकींआड लपलेले भाग सुटे दिसतात, हालचालीने प्रतिमा धूसर होत नाही आणि कमी किरणोत्सर्ग पुरतो. खात्री करायची असल्यास दाब किती व कशासाठी, हे तंत्रज्ञांना विचारावे. यंत्रावर त्याचा आकडा दिसतो.

दुखण्याची तक्रार मात्र खरी आहे. म्हणूनच परिचारिका पाळीनंतरच्या आठवड्यातील वेळ सुचवतात आणि दुखल्यास लगेच सांगण्यास बजावतात. त्या दिवशी काखेत पावडर लावू देत नाहीत ते वेगळ्या कारणाने: तिचे कण प्रतिमेत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे भासतात, आणि असे ठिपके कधी कधी कर्करोगाची खूण असू शकतात.