कॉपीराइटच्या तक्रारीला एवढे बळ कुठून आले?

इंटरनेटवरच्या एखाद्या कंपनीने कुणाचा व्हिडिओ किंवा लेख काढून टाकला की त्यावरची मते साधारण दोन ठरलेल्या वाटांनी जातात. एक पक्ष म्हणतो, ही उघड मुस्कटदाबी आहे. दुसरा म्हणतो, कंपनी खासगी आहे, आपल्या अंगणात काय ठेवायचे ते तिचे तिने ठरवावे. बदनामीची तक्रार घेऊन गेलेला माणूस अनेकदा हेलपाटे घालत राहतो आणि कॉपीराइटची तक्रार करणाऱ्याचे काम मात्र बहुधा झटपट होते, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटते. हा फरक कंपन्यांच्या लहरीतून आलेला नाही. तो अमेरिकेच्या दोन कायद्यांत लिहून ठेवलेला आहे आणि त्याची मुळे त्याहून पुष्कळ जुनी आहेत.

इंग्लंडच्या राणी मेरीने १५५७ मध्ये लंडनच्या ‘स्टेशनर्स कंपनी’ला, म्हणजे मुद्रक आणि ग्रंथविक्रेत्यांच्या संघाला, सनद दिली. छपाईचा धंदा जवळजवळ या संघाच्या हाती आला आणि त्या बदल्यात बेकायदा पुस्तके शोधून जप्त करण्याचे काम त्याने पत्करले. संघाच्या नोंदवहीत ज्याने पुस्तकाचे नाव घातले, छापण्याचा हक्क त्याचा. लेखकाला त्यात फारसे स्थान नव्हते. राजसत्तेला नको असलेले छापले जाऊ नये आणि एकाने छापलेले दुसऱ्याने छापू नये, अशी दोन्ही कामे एकच यंत्रणा करीत असे, आणि ती यंत्रणा चालवणारे सरकारी अधिकारी नव्हते, तर धंद्यातली माणसे होती. १६६२ चा छपाई परवान्याचा कायदा १६९५ मध्ये नूतनीकरणाविना संपला, तेव्हा ही गाठ सुटली. १७१० च्या कायद्याने हक्क प्रथमच लेखकाच्या नावावर केला आणि त्याला मुदत घातली: १४ वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४. विक्रेत्यांनी तरीही हक्क कायमचा असल्याचा दावा सोडला नाही. स्वस्त आवृत्त्या काढणाऱ्या अलेक्झांडर डोनाल्डसन या स्कॉटिश विक्रेत्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो १७७४ मध्ये निकालात काढला. त्यानंतर मुदत वाढतच गेली. अमेरिकेत १७९० मध्ये १४ अधिक १४ वर्षांपासून सुरुवात झाली, ती १९९८ पर्यंत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांवर पोहोचली.

मधल्या काळात नव्या यंत्रांवरून होणारे तंटे बहुतेक न्यायालयात सुटत. घरी बसून दूरचित्रवाणीचा कार्यक्रम टेप करणे हा कॉपीराइटचा भंग आहे काय, हा सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सोडवला. निकाल यंत्राच्या बाजूने लागला, पण खटला १९७६ मध्ये दाखल झाला होता हेही लक्षात ठेवायला हवे. इंटरनेटच्या वेगापुढे आठ वर्षे थांबण्याची कुणाची तयारी नव्हती.

म्हणून अमेरिकेत दोन कायदे आले. १९९६ च्या कायद्यातील कलम २३० ने वापरकर्त्यांच्या लिखाणाची जबाबदारी कंपन्यांवरून बहुतांशी उतरवली, मात्र बौद्धिक संपदा त्यातून स्पष्टपणे वगळली. ती पोकळी १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने भरली. तक्रार आली की मजकूर तातडीने काढा, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यातून तुम्ही सुटलात, असा तो सौदा होता. ज्याचा मजकूर गेला तो प्रतिनोटीस देऊ शकतो. तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवावा लागतो. कागदावर हे समतोल दिसते. प्रत्यक्षात प्रतिनोटीस देणाऱ्याला नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा लागतो आणि ती नोटीस थेट तक्रारदाराच्या हाती जाते, त्यामुळे निनावी लिहिणाऱ्याला ज्याच्यापासून लपायचे त्याच्यापुढेच उभे राहावे लागते. उलट तक्रारदार खोट्या शपथेच्या गुन्ह्याची जोखीम पत्करतो ती आपण हक्कधारकाचे प्रतिनिधी आहोत एवढ्याच विधानापुरती. मजकूर बेकायदा आहे, या आरोपासाठी सद्भावनेने तसे वाटणे पुरते.

याचा उपयोग कसा होतो, हे लवकरच दिसले. मतदान यंत्रे बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे आपसातले ई-मेल २००३ मध्ये फुटले, आणि त्यांत यंत्रांतील दोषांची चर्चा होती. स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते इंटरनेटवर ठेवले, तेव्हा कंपनीने कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या, आणि नुसता दुवा देणाऱ्यांना इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या संस्थेलाही सोडले नाही. हे ई-मेल काही विकायला काढलेले नव्हते. बाजारात मार खाईल असे त्यांत काही नव्हतेच. २००४ मध्ये न्यायालयाने म्हटले की ढाल म्हणून दिलेली तरतूद कंपनीने अडचणीचा मजकूर दाबण्यासाठी तलवारीसारखी वापरली. डीबोल्डला नुकसानभरपाई आणि खर्च मिळून १,२५,००० डॉलर मोजावे लागले. माझ्या मते या विषयावरच्या कोणत्याही चर्चेची सुरुवात याच खटल्याने व्हायला हवी, कारण इथे कॉपीराइटचे निमित्त पुढे करून झाकायचे काय होते, ते लख्ख दिसते.

दुसरा गाजलेला खटला अगदी घरगुती आहे. स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या लहानग्याचे २९ सेकंदांचे चित्रण एका आईने २००७ मध्ये यूट्यूबवर टाकले. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते. युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या तक्रारीवरून ते उतरवले गेले. नोटीस पाठवण्यापूर्वी कायद्याने मान्य केलेल्या रास्त वापराचा, म्हणजे टीका, शिक्षण अशा कामांसाठी परवानगीविना करता येणाऱ्या मर्यादित वापराचा, विचार करणे तक्रारदाराला बंधनकारक आहे, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, पण तो विचार प्रामाणिक असला की पुरे, चुकला तरी चालेल, अशी सूटही दिली.

तोवर कारभार माणसांच्या हातून निसटू लागला होता. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली ‘कंटेंट आयडी’ ही व्यवस्था हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक नवा व्हिडिओ आपोआप ताडून पाहते, आणि जुळल्यास तो रोखायचा की त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचे हे हक्कधारक ठरवतो. त्यासाठी कायद्यातल्या नोटिशीची गरजच उरत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातील कलम १७ ने मोठ्या मंचांना वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल थेट जबाबदार धरले, आणि अशी गाळणी तिथे व्यवहारात अटळ झाली. पोलंडने त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आव्हान दिले. संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये कलम कायम ठेवले, मात्र कायदेशीर आणि बेकायदा मजकुरात पुरेसा फरक न करणारी गाळणी चालणार नाही, अशी अट घातली. ती अट कशी पाळायची, ते सांगण्याचे काम सदस्य देशांच्या कायद्यांवर आले आहे, आणि प्रत्यक्ष गाळणी मात्र कंपन्यांच्याच यंत्रांवर चालते.