पार्श्वभूमी : पाटाचा रस्ता नेमका कुणाचा?

खानदेशात पहाटे सायकल काढणाऱ्यांच्या तोंडी ‘पाटावर जाऊ’ हे वाक्य आता रुळले आहे. पाट म्हणजे गिरणेचे जामदा कालवे, पांझण डावा कालवा, दहिगाव बंधाऱ्यावरून निघणारा निम्न गिरणा कालवा आणि तापीपलीकडचा हतनूरचा उजवा कालवा. या कालव्यांच्या काठाने कच्चा, कुठे मुरमाचा, कुठे डांबराचा रस्ता मैलोन् मैल जातो. त्यावर ट्रक नसतो, कंटेनर नसतो, मागून हॉर्न नसतो. चाळीसगाव, भडगाव, यावल, चोपडा या भागांत गाडीविना इतका सलग सपाट रस्ता दुसरा नाही. पण हा रस्ता कागदोपत्री रस्ताच नाही. या काठावरून कुणी जायचे, असा आज जो वाद चालतो त्याचे मूळ तिथे आहे.

मागचा इतिहास थोडक्यात असा. साक्री आणि धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, आणि पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जाईल ते पाहणारा पाटकरी. पाटकऱ्याला पाटाच्या काठाने रोज चालावे लागे, म्हणून काठावर पायवाट पडली. पाटाच्या रस्त्याचे हे सर्वांत जुने रूप. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने गिरणेवर जामद्याला कालवे काढले, आणि पायवाटेची जागा घोड्यावरून तपासणी करता येईल अशा भरावाने घेतली.

आज ज्यावर सायकली फिरतात तो रस्ता मात्र बहुतांशी स्वातंत्र्यानंतरच्या धरणांचा आहे. गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, म्हणजे साडेअठरा अब्ज घनफूट. धरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात, पण त्याच्या पाण्याची वाट पाहणारी गावे मुख्यतः जळगाव जिल्ह्यातली. भुसावळजवळ तापीवरचे ४१ दरवाजांचे हतनूर १९८२ मध्ये पुरे झाले, आणि त्याच्या उजव्या कालव्याने केळीच्या पट्ट्यातून, सातपुडा उजव्या हाताला ठेवत, चोपड्याच्या दिशेने वाट काढली. या काळातल्या कालव्यांच्या आराखड्यात काठाचा रस्ता आधीच धरलेला असे. एका काठावर जीप जाईल असा सेवा पथ, दुसऱ्या काठावर अरुंद निरीक्षण पथ. भूसंपादनही दोन्ही काठांसकट झाले.

सपाटीचे कारण साधे आहे. कालवा पाण्याला उताराने नेतो, पण तो उतार किलोमीटरमागे साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच असतो. त्याहून जास्त दिला तर पाणी काठ कापत जाते. म्हणून कालवा टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो. सायकलवाल्याला दमवणारा चढ त्या वाटेवर येतच नाही. नाला आडवा आला की जलसेतू किंवा मोरी, बैलगाडीसाठी मधून मधून पूल, आणि प्रत्येक दारापाशी चारीचा, म्हणजे तिथून शेतांकडे फुटणाऱ्या छोट्या पाटाचा, आकडा. वाटेत भेटलेला शेतकरी ‘सात नंबर चारीपासून आत वळा’ असाच पत्ता सांगतो.

आता गुंता शब्दाचा. लोक या वाटेला चार नावांनी हाक मारतात : पाटाचा रस्ता (अहिराणीत ‘पाटना रस्ता’), कॅनॉल रोड, सर्व्हिस रोड आणि कधी कधी सरळ पाणंद. शेवटचे नाव सर्वांत जास्त घोळ घालते, कारण पाणंद आणि पाटाचा काठ या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणंद किंवा शिवरस्ता गावनकाशावर असतो. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग. तो कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. म्हणजे पाणंदीवर लोकांचा हक्क आहे. पाटाच्या काठावर तो नाही. काठ हा कालव्याचा अवयव. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात काठावरून नियमाविरुद्ध जनावरे किंवा वाहने नेणे हा गुन्हा होता, पण एका अटीवर : आधी ‘नेऊ नका’ असे सांगितलेले असले पाहिजे. पुढे १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला, तरी काठ म्हणजे कालवाच ही समजूत पाटबंधारे खात्याच्या कारभारात कायम राहिली.

ती अट मला फार शहाणपणाची वाटते. काठ सगळ्यांना बंद केला तर शेतकरी स्वतःच्या शेतात जाणार कसा? सगळ्यांना मोकळा सोडला तर भराव किती दिवस टिकणार? म्हणून कायद्याने मधली वाट धरली : कुणी हरकत घेईपर्यंत चाला, हरकत घेतली की थांबा. खानदेशातला पाटाचा रस्ता शंभरावर वर्षे या मुभेवरच वापरला गेला. शाळेची पोरे, दूधवाले, कापूस वेचायला निघालेल्या बाया यांना कुणी अडवले नाही.

याच मुद्द्यावरून दुसरा प्रश्न निघतो : सायकल हे वाहन आहे का? १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या दृष्टीने ती मोटार वाहन नाही. पण १९५१ च्या पोलीस अधिनियमाने वाहनाच्या व्याख्येत सायकल नावानिशी धरली आहे. त्यामुळे कालव्याच्या मुखाशी ‘वाहनांना प्रवेश बंद’ अशी पाटी असली की चौकीदाराने काय करावे हे चौकीदारावरच येते. एक सायकल सोडून देतो, दुसरा उतरून हातात धरून चाला म्हणतो, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. शब्द नीट बांधलेला नाही, म्हणून माणसागणिक नियम बदलतो. ‘मोटार वाहनांना प्रवेश बंद’ एवढा एक शब्द पाटीवर वाढवला तर निम्मा वाद मिटेल.

युरोपातल्या कालव्याकाठच्या सायकलमार्गांचे दाखले इथे वारंवार दिले जातात. ते जपून द्यायला हवेत. तिथल्या काठावरच्या वाटा नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी झाल्या. नावांचा व्यापार आटला तेव्हा वाटा रिकाम्या पडल्या आणि सायकलींना मिळाल्या. आपल्या कालव्यांत नाव कधी चालली नाही, आणि आपले कालवे आजही कामात आहेत. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना काठावर खात्याची जीप, दाराशी शेतकरी, रात्री बॅटरी घेऊन पाळीवर बसलेली माणसे असतात. इथे सायकल पाहुणी आहे, आणि पाहुण्याने बाजूला सरून वाट द्यायची असते. एक गोष्ट मात्र तिकडून घेण्यासारखी आहे. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९५ च्या सुमारास वाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक देण्याची पद्धत आली. ती सुचली खाणीतल्या वाटांच्या क्रमांकांवरून. आपल्याकडे चाऱ्यांना क्रमांक आधीपासून आहेत. नवे फलक उभारण्याऐवजी तेच वापरले तर एक पैसा लागणार नाही.

तिकडे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरही सायकलवाटा झाल्या. पाचोरा–जामनेर ही आपली ५६ किलोमीटरची नॅरोगेज कोविडच्या काळात थांबली तेव्हा ती आशा कुणी कुणी बोलून दाखवली होती. पण तो मार्ग ब्रॉडगेज करायचे ठरले, आणि ते योग्यच आहे. जामनेरच्या माणसाला रेल्वे हवी.

सायकली पाटाकडे वळल्या त्या मुख्यतः महामार्ग बदलल्यामुळे. धुळे–जळगाव–भुसावळ हा जुना सहा नंबरचा रस्ता चौपदरी होत गेला. फागणे ते तरसोद, तरसोद ते चिखली असे टप्पे वर्षानुवर्षे खोदलेले राहिले, आणि पुरे झाले तिथे गाड्यांचा वेग असा की कडेने सायकल चालवणे जिवावरचे झाले. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकली वाढल्या, आणि सुरक्षित वाट शोधता शोधता माणसे कालव्यावर पोचली. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पहाटेच्या दोन-तीन तासांत, पाण्याच्या कडेने, निंबाच्या सावलीतून जाता येईल अशी जागा इथे चैनीची नाही.

सध्याचा कडवा वाद डांबराचा आहे. काठचा सेवा पथ पक्का करा ही मागणी गावोगावी आहे, आणि तिची बाजू भक्कम आहे. केळीचा घड खड्ड्यांतून नेला की डागतो आणि डागलेल्या केळीचा भाव पडतो. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर चिखलातून गाडी निघत नाही. पण काठ पक्का झाला की त्यावर फक्त केळीची गाडी येत नाही. गिरणाकाठी वाळूचे ट्रॅक्टर आणि डंपर येतात. भराव हलक्या जीपच्या हिशेबाने बांधलेला असतो. तो दबतो, भेगा पडतात, अस्तर सुटते, आणि ऐन आवर्तनात काठ फुटला तर खालची शेते पाण्याखाली आणि शेपटाकडची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची, कोरडी. काही ठिकाणी काठाच्या तोंडाशी सिमेंटचे खांब किंवा लोखंडी आडवा बार लावून जड वाहने रोखली जातात. खांबांतून सायकल आणि बैल जातात, डंपर जात नाही. माझ्या मते रस्ता कुणाच्या ताब्यात द्यायचा यापेक्षा त्या दोन खांबांमधले अंतर किती ठेवायचे हा जास्त महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो शेतकऱ्यांना बसवूनच व्हायला हवा. केळीचा टेम्पो जाईल पण दहाचाकी जाणार नाही इतके अंतर ठरवता येते.

दरम्यान चाऱ्यांचे रूपही पालटते आहे. राज्यात उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंद नळ टाकण्याचे धोरण आले आहे. गळती आणि बाष्पीभवन वाचते, भूसंपादन कमी लागते, शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण नळाला काठ नसतो. मुख्य कालवा उघडा राहील, त्याच्यापासून गावाकडे फुटणाऱ्या चाऱ्यांच्या कडेच्या वाटा मात्र नांगराखाली जातील. नळ टाकून झाल्यावर वरची पट्टी वाट म्हणून गावनकाशावर चढवायची की शेतात मिळवायची, हे नळाच्या आराखड्यासोबतच ठरले पाहिजे. एकदा त्या पट्टीत कापूस उभा राहिला की तिथून वाट मागणे म्हणजे पुन्हा तहसीलदाराच्या दारात उभे राहणे.